विहीर एक, तोंडं दोन: एप्रिलच्या तापात पाणी संत्र्याला की भुईमुगाला?

मोर्शीकरीण · १४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव मोर्शी तालुक्यात. दोन एकरांत संत्र्याची २२० झाडं आहेत, जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली, बारावं वर्ष सुरू आहे. त्याला लागूनच एक एकर उन्हाळी भुईमूग, टॅग २४ जातीचा, जानेवारीच्या शेवटी पेरलेला. दोघांनाही पाणी एकाच विहिरीचं, पाच एचपीची मोटर. होळीपर्यंत मोटर पाच-सहा तास चालली तरी काही वाटत नव्हतं. आता अडीच तासांत हवा ओढते.

ऊन कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको. पारा ४२ च्या वर गेला, आणि वारा पश्चिमेकडून, एकदम कोरडा. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधला तर धुऱ्यावरून (बांधावरून) विहिरीपर्यंत पोचेस्तोवर वाळून जाते.

आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, यंदा चांगला फुटला. फळ सध्या बोराएवढं आहे. पण गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी झाडाखाली हिरवा सडा. काही फळं पिवळी पडून गळतात, काही हिरवीच. झाडाला हात लावला की टपटप.

घरात तीन मतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, झाड तहानलं आहे, दांडानं (पाटानं) भरपूर पाणी सोड, एकदाच पोटभर पिऊ दे. आमचे हे जिनिंगमध्ये कामाला, रविवारी घरी येतात. ते म्हणतात, विसार घेऊन बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकू, गळलं तर त्याचं गळेल. एप्रिलमध्ये गळता बगीचा दाखवला तर व्यापारी काय भाव लावेल, हे त्यांना कोणी सांगावं! आणि भुईमुगाबद्दल दोघंही म्हणतात, सोड त्याला.

भुईमूग सोडता येत नाही. बियाणं मी बचत गटाच्या कर्जातून आणलं, हप्ता जूनमध्ये. जूनमध्येच पोरीची शाळा आणि सोयाबीनचं बियाणं. संत्र्याचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येणार, तो काय जूनला कामाचा?

माझं विचारणं एवढंच, की असलेल्या पाण्यात दोन्ही निघतील काय? नसतील निघत तर कोणाचं पाणी किती तोडावं? आणि मोबाईलवर परवापासून विजांसह पाऊस दाखवतो, येलो अलर्ट आहे. त्याच्या भरवशावर भुईमुगाची पाण्याची एक पाळी टाळावी काय?

---

वरूडचा संत्रावाला · १४ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, भुईमूग सोडा. वाईट वाटेल, पण स्पष्ट सांगतो.

बारा वर्षांचं झाड एकदा वाळलं की पुन्हा बारा वर्षं. भुईमूग पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. आमच्या वरूड पट्ट्यात लोकांनी आठशे-हजार फुटांपर्यंत बोअर मारले आणि तरी बगीचे तोडले. तोडलेल्या संत्र्याचं लाकूड ट्रॅक्टरनं जाताना पाहिलं म्हणजे समजते. शेंदूरजना घाटच्या कोणत्याही जुन्या बागायतदाराला विचारा, उन्हाळ्यात तो दुसरं पीक बगिच्याच्या विहिरीवर ठेवत नाही.

आणि भुईमुगाला रानडुकरं आहेतच. पाणी तुम्ही द्याल, शेंगा ते खातील.

---

मोर्शीकरीण · १४ एप्रिल, रात्री १०:४०

भाऊ, रानडुकरांचा बंदोबस्त आहे. सभोवताल जुन्या साड्यांचं कुंपण, आणि रात्री मामाजी मचाणीवर असतात, टीनाचा डबा वाजवत. त्यांचा भुईमुगाला विरोध आहे, पण राखण तेच करतात. रोही (नीलगायी) एकदा शिरले होते, त्यांनी शेंडे खाल्ले, शेंगा नाही.

झाड वाचवायचंच आहे, त्यात दुमत नाही. पण झाड वाचवायला किती पाणी लागते आणि फळ वाचवायला किती, हे दोन हिशेब वेगळे असतील ना? तोच कोणी मांडून देत नाही. जो तो म्हणतो 'हे सोडा, ते सोडा'.

---

अकोल्याचा कृषी पदवीधर · १५ एप्रिल, सकाळी ७:०५

ताई, हिशेब मांडू या. मोटर तासाला किती पाणी फेकते ते आधी मोजा. २०० लीटरचा ड्रम घ्या, पाइप त्यात सोडा आणि मोबाईलवर सेकंद पाहा. ४८ सेकंदांत भरला तर तासाला १५,००० लीटर. सध्या तेवढं धरून चालू. अडीच तासांचे झाले ३७,५०० लीटर रोजचे.

आता भुईमूग. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लीटर. दांडानं भिजवलं तर एका पाळीत ५० मिलिमीटर सहज जाते, म्हणजे दोन लाख लीटर. आठ दिवसांची पाळी धरली तर रोजचे २५,०००. तेच स्प्रिंकलरनं ३५ मिलिमीटर दिलं तर एक लाख चाळीस हजार, म्हणजे रोजचे १७,५००. इथेच ७,५०० लीटर वाचले आणि पिकाचं काही बिघडलं नाही.

संत्र्याच्या २२० झाडांना प्रत्येकी १२० लीटर म्हटलं तर २६,४००. दोन्हींची बेरीज विहिरीच्या बाहेर जाते. पण आळ्यात आच्छादन घालून झाडाला रोज ८० लीटर दिलं तर १७,६००. भुईमुगाचे १७,५०० मिळवले की ३५,१००. विहिरीत ३७,५०० आहेत. निघतात दोन्ही, पण काठावर. ८० लीटरमध्ये फळाचा आकार थोडा मार खाईल. तो पाऊस लागल्यावर बराचसा भरून निघतो. गळलेलं फळ मात्र परत येत नाही.

वरूडच्या भाऊंचं म्हणणं उन्हाळी भुईमूग अजून पेरायचा असलेल्याला लागू पडेल. तुमचा भुईमूग अडीच महिन्यांचा झाला, शेंगा भरायच्या अवस्थेत आहे. टॅग २४ उन्हाळ्यात ११०-११५ दिवसांत येतो, म्हणजे तुमच्याकडे महिन्याभराचं पाणी राहिलं, स्प्रिंकलरच्या चार पाळ्या. सगळा खर्च झाल्यावर, नेमकं दाणा भरायच्या वेळी पाणी तोडणं मला पटत नाही. शेंगा पोचट निघतील. शिवाय शेवटी ताण आणि वर ही उष्णता, यात दाण्यावर पिवळी-हिरवी बुरशी येते. तिचं विष दाण्यात उतरते, म्हणून तो घरी खायच्याही कामाचा राहत नाही. शेवटची हलकी पाळी काढणीच्या आधी द्याच. जमीन घट्ट असली की झाड उपटताना आऱ्या (शेंगा धरून ठेवणारे देठ) तुटतात आणि निम्म्या शेंगा मातीत राहतात. काढायची वेळ झाली की नाही ते टरफल फोडून पाहायचं, आतली बाजू काळपट झाली की झालं.

फळगळीबद्दल. गळलेली फळं हातात घेऊन देठाजवळ पाहा. काळं पडलेलं असेल तर बुरशी. देठ स्वच्छ असेल आणि फळ नुसतं सुटून पडलं असेल तर ती उष्णतेची आणि पाण्याच्या अनियमितपणाची गळ. या महिन्यात बहुतेक वेळा दुसरीच असते. त्यावर १०० लीटर पाण्यात जिब्रेलिक ॲसिड दीड ग्रॅम आणि युरिया एक किलो, ही फवारणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आहे. जिब्रेलिकची पावडर पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. फवारा संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारा. याशिवाय १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का वेगळं मारलं तर उन्हात झाड टिकायला मदत होते.

एक सावधगिरी. दुकानदार जिब्रेलिकऐवजी २,४-डी देईल. संत्र्याच्या गळीवर तेही फार थोड्या मात्रेत वापरतात, पण मुळात ते रुंद पानाच्या तणांचं तणनाशक आहे. तुमचा भुईमूग रुंद पानाचा आणि धुऱ्याला लागून. वाऱ्यानं थोडं जरी उडालं तरी पानं वाकडी होतात. तो पंप नुसता धुऊन पुढे कपाशीवर वापरला तर कपाशीचंही तेच. तुमच्या जागी मी २,४-डीच्या वाटेला जाणार नाही.

पावसाचं म्हणाल तर पाळी टाळू नका. एप्रिलचा पाऊस ढग ज्या शिवारावर आला त्या शिवारात पडतो, शेजारचं गाव कोरडं. बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा येतो, इथल्या तापलेल्या हवेत वर चढतो आणि दुपारनंतर गडगडाट. पाच मिलिमीटर पडला तरी एकराला २०,००० लीटर झाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्यातले बरेच उडून जातात. तुमच्या पाळीची जागा तो घेत नाही. फवारणी मात्र दोन दिवस पुढे ढकला. आणि मेघदूत ॲप मोबाईलमध्ये घ्या. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो.

---

आष्टीचे नानाजी · १५ एप्रिल, सकाळी ११:२०

पोरी, पोट्ट्यानं हिशेब बराबर मांडला. आता म्या सांगतो ते आयक.

तुह्या मामाजीले म्हना, दांडाचं पानी बंद करा. त्यायची चूक नाही. आमच्या काळात आमी असंच भिजवत होतो, तवा विहिरीत पानी हाताले लागे. आता काय होते, आठ-धा दिस झाड कोरडं राह्यते, कायी माती फाटते, भेगा पडतात, त्या भेगात बारीक मुया तुटतात. संत्र्याच्या पानी पेनाऱ्या मुया वरच्या फूटभर मातीतच असतात, खोल नाही जात. अशा झाडाले एकदम पोटभर पाजलं की ते फय टाकून देते. थोडं थोडं पाज, पन रोज पाज, नाही त एक दिसाआड. पानी खोडाले लागू देऊ नको. खोडाभोवती दीड फुटाचं कोरडं आयं, त्याच्या भाहेर दुसरं आयं, पानी त्या भाहेरच्या आयात. खोड वलं राह्यलं त डिंक्या येते, मंग झाडच जाते.

आच्छादनाले सोयाबीनचं कुटार नको टाकू, ते ढोरायले लागते. गव्हाचं काड टाक, चार बोटं जाड. खाली उधई लागते, ते पाहात जाय.

आन सगळ्यात मोठी गोष्ट. काड टाकलं की इस्तवाची भीती. मे मयन्यात शेजारपाजारचे लोकं धुरे पेटवतात, पेरनीआधी वावर साफ करायच्या नादात. दुपारचा वारा सुटला की तो इस्तव कोनाचं आयकत नाही. आमच्या शिवारात एका धुऱ्याच्या इस्तवानं बगीच्याची आख्खी कडेची ओय करपली, पुढच्या साली त्यातले निम्मे झाडं वाळले. म्हनून धुऱ्याकडून दोन-तीन तासं नांगरून कोरी माती ठेव. शेजाऱ्याले आताच सांगून ठेव, भांडन झालं तरी चालते.

पान्याचं म्हनशीन त अजून अक्षय तृतीया व्हायची हाय. भेंडवयची घट मांडनी झाली की बुलढान्यावरून खबर येतेच, यंदा पाऊस कसा न् पीक कसं. मानाचं त मान, नाही त नोको मानू. म्या आयकतो, न् पेरनी मातरं वावरात ओल पाहूनच करतो.

---

अर्जुनी मोरगाव · १५ एप्रिल, दुपारी २:५०

आमचा भाग धानाचा, संत्र्यातलं आम्हाला काही कळत नाही जी. सध्या आमच्याकडे अर्धं गाव पहाटे मोहफुल वेचायला जंगलात असते. इटियाडोहचं पाणी कालव्याला सुटलं तर उन्हाळी धान, नाही सुटलं तर घरी.

पण विहिरीचं एक सांगतो. माझ्याकडे विहीर आहे आणि एप्रिलनंतर तीही अशीच हवा ओढते. मी सलग चालवत नाही. लाईन आठ तास राहते ना? सुरुवातीला सव्वा तास चालवतो, मग बंद. झरे पाणी सोडत राहतात. लाईन जायच्या आधी पुन्हा सव्वा तास. सलग अडीच तास ओढण्यापेक्षा यात थोडं जास्तच निघते, आणि मोटर कोरडी चालून जळत नाही. मोटर वाइंडिंगला नेली की हंगामाच्या दिवसांत तीन-चार दिवस जातात, तेवढ्यात पीक संपते.

रात्रीची लाईन असेल त्या आठवड्यात भुईमूग भिजवा. स्प्रिंकलरचं पाणी दुपारच्या वाऱ्यात अर्धं हवेतच जाते. बॅटरी आणि गमबूट घेऊन जा, या दिवसांत साप ओलाव्याला येतात.

---

वरूडचा संत्रावाला · १५ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

हिशेब वाचला. मान्य, महिन्याभराचा प्रश्न असेल तर भुईमूग काढून घ्या. पण माझी एक अट. ८० लीटर सगळ्या झाडांना सारखं देऊ नका. बगिच्यात फिरा. ज्या झाडांचे शेंडे वरून वाळत आले, पानं बारीक आणि पिवळी आहेत, अशांवरचं फळ आताच हातानं काढून टाका. ते झाड फळ पोसूच शकत नाही, ते फळं शेवटी गळणारच आणि जाता जाता झाडाला घेऊन जाईल. फळ काढलेल्या झाडाला अर्ध्या पाण्यात जगवता येते. मृगाचं पाणी लागलं की ते सावरेल. वाचलेलं पाणी चांगल्या झाडांना.

फळं तोडायला हात धजत नाही, घरचे लोक ओरडतात. आमच्या घरी माझी आई दोन दिवस बोलली नव्हती. पण बगीचा तिनेच लावलेला, तिला झाडाचं नंतर पटलं.

आणि फळपीक विमा काढला असेल तर पावती शोधून ठेवा. आंबियाचा विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो, ते तापमान तुमच्या महसूल मंडळातल्या केंद्रावर मोजलं जाते, तुमच्या बगिच्यात नाही. गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर गारा पडल्यावर ७२ तासांच्या आत कळवावं लागते. त्यात फोटो काढायला विसरतात लोक.

---

मोर्शीकरीण · १७ एप्रिल, रात्री ८:५५

सगळ्यांचं वाचलं, मामाजींनाही वाचून दाखवलं. नानाजींचं दोनदा वाचायला लावलं. 'हा माणूस माझ्या वयाचा दिसते' म्हणाले, आणि आळी करायला स्वतःच फावडं घेऊन गेले. पोराचं ऐकत नाहीत, नानाजींचं ऐकलं.

ड्रम ५५ सेकंदांत भरला. म्हणजे तासाला १३,००० च्या आसपास, दिवसाचे साधारण ३२,५००. अकोल्याच्या भाऊंच्या बेरजेत अडीच हजार कमी पडतात. त्यावर असं ठरवलं: वरच्या कडेची, मुरमाड भागातली ४० झाडं खरंच दमलेली आहेत, शेंडे वाळलेले. त्यांचं फळ काढून टाकते आणि त्यांना ३० लीटरच. त्यातून २,००० लीटर सुटतात. भुईमुगाची पाळी आठाऐवजी नऊ दिवसांवर नेली की आणखी २,००० च्या जवळपास. जुळते. मोरगावच्या भाऊंनी सांगितलं तसं दोन टप्प्यांत मोटर चालवून पाहिली, विहिरीत फरक दिसला. किती ते आणखी मोजलं नाही.

गळलेली फळं पाहिली, देठ स्वच्छ आहे. जिब्रेलिक आणलं. दुकानदारानं खरंच आधी दुसरी बाटली पुढे केली होती, 'स्वस्त पडते ताई' म्हणून. परत केली.

पाऊस आला म्हणायचं तर आला. काल चार वाजता ढग भरले, वावधन सुटलं, टीनं वाजली, आणि अंगणातली धूळ बसेल एवढे थेंब. नदीपलीकडच्या गावात म्हणे बोराएवढ्या गारा पडल्या. आमच्याकडे काही नाही. पाळी टाळली नाही ते बरं.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. विसाराचा विषय आता ऑगस्टमध्ये काढू म्हणाले.

अडचण एकच उरली. स्प्रिंकलर आमच्याकडे नाही. नवीन संच आता घेणं होत नाही, अनुदानाचा अर्ज केला तरी तो या उन्हाळ्यात कामाचा नाही. मोर्शी, रिद्धपूर, नेर पिंगळाई भागात कोणाचे पाइप आणि नोझल पडून आहेत काय? महिनाभर भाड्यानं पाहिजेत. अडीच इंची, पंचवीस पाइप पुरतील.

---

अकोल्याचा कृषी पदवीधर · १७ एप्रिल, रात्री ९:२०

ताई, गारांच्या गावाजवळ आहात म्हणून सांगतो. उद्या-परवा तुमच्याकडे पडल्या आणि फळाला, फांद्यांना मार लागला तर दुसऱ्याच दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराईड लीटरला तीन ग्रॅम फवारा. जखमेतून बुरशी शिरते. जिब्रेलिक त्यानंतर. दोन्ही एका टाकीत नको.

नऊ दिवसांची पाळी चालेल, दहावर नेऊ नका.

---

रिद्धपूर फाटा · १७ एप्रिल, रात्री १०:०५

पाइप आहेत. तीस आहेत, त्यातले चार कपलिंगला गळतात, वायसर बदलावे लागतील. चणा निघाल्यापासून गोठ्यात पडून आहेत. भाडं नको, जाताना भुईमुगाचा पाला द्या एक बंडी, म्हशीला होते. रविवारी घरचे आले की ट्रॅक्टर घेऊन या. दुपारी नका येऊ, सकाळी आठच्या आत.